एकतिसावी रांग

१

जी बाई युनियनमध्ये कधी गेलीच नव्हती, तिनं युनियन सोडत असल्याच्या कागदावर सही केली आणि साहेबांच्या खोलीतून बाहेर येऊन जिन्यात मटकन खाली बसली. शर्टाच्या कारखान्यात ही बातमी पसरली तेव्हा आधी लोक हसलेच. मग हसू आवरलं.

ती खिसेवाली. शर्टाला खिसा लावायचं काम तिचं. या कारखान्यात खरं नाव फक्त हजेरीपुरतं. बाकी दिवसभर जी जे शिवते तेच तिचं नाव. कॉलरवाली, बाहीवाली, काजवाली. आणि शेवटच्या टेबलावर प्रत्येक शर्ट उलटासुलटा करून तपासायच्या त्या बारीकबाई. अंगानं त्या चांगल्या भरदार, पण नजर अशी की सुटलेला टाका बोटाला लागायच्या आधी त्यांच्या डोळ्याला लागायचा.

बारीकबाई जिन्यात तिच्याशेजारी बसल्या. खिसेवालीचा नवरा याच मालकाच्या गोदामात कामाला होता. युनियनचं नाव काढलं तर दोघांच्या नोकऱ्या एका दमात जातील म्हणून तिनं हात जोडून नकार दिला होता, आणि त्यापायी काजवालीनं महिनाभर तिला सळो की पळो करून सोडलं होतं. येता-जाता टोमणे, कापलेल्या खिशांचा गठ्ठा हातात न देता जमिनीवर टाकणं. जिच्यात गेली नाही म्हणून एवढा छळ सोसला, तीच युनियन सोडली असं आता साहेबांनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

"मी यात नाहीच, असं सांगितलं नाहीस?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं. साहेब म्हणाले, सगळ्या हेच सांगतात. आता नवरा विचारणार, मग तुझं नाव यादीत आलं कसं? मी त्याला काय सांगू, बाई?"

यादी हा शब्द बाईंना खटकला. कारण अशी यादी आजवर कुणी लिहिलीच नव्हती.

२

दोन वर्षांपूर्वी सह्या केलेले अर्ज फाटकावरच्या झडतीत सापडले होते आणि सात जणींना घरी बसावं लागलं होतं. तेव्हाच बाईंनी कानाला खडा लावला, की इथून पुढे नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. नवी रीत त्यांच्याच डोक्यातून निघाली. अस्तराची एक पांढरी पट्टी घ्यायची. जिला युनियनमध्ये यायचंय तिनं त्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्यानं एक सरळ रांग शिवायची. चाळीस रांगा झाल्या की सगळ्यांनी एकाच दिवशी सरकारी कचेरीत जाऊन खऱ्या सह्या करायच्या. तोवर पांढऱ्यावर पांढरं. कुणाच्या नजरेला पडली तर चिंधी, दुसरं काय? बाईंना मात्र रांग न् रांग ओळखू यायची. शिलाईवरून हात ओळखण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती.

पट्टी गठ्ठ्यात लपवून एकीकडून दुसरीकडे न्यायचं जोखमीचं काम कॉलरवालीनं अंगावर घेतलं. लहानखुरी, कमी बोलणारी मुलगी. आई गेल्यापासून एकटीच एका खोलीत राहायची. गुरुवारी तिनं सगळ्यांत शेवटी स्वतःची रांग शिवली, एकतिसावी, आणि शुक्रवारी पट्टी बाईंच्या हाती दिली. बाईंनी ती घरी नेऊन कपाटात, चादरींच्या घडीत ठेवली. घरात माणसं दोनच, बाई आणि मिस्त्री. बाईंचे यजमान कारखान्यातली मशीनं दुरुस्त करायचे, म्हणून घरीदारी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. बाईंनी पट्टी त्यांना कौतुकानं दाखवलीसुद्धा. त्यांचा गाल सुजलेला होता, धड बोलता येत नव्हतं. त्यांनी पट्टी खिडकीशी धरून निरखली, मान डोलावली आणि परत दिली.

सोमवारी बोलावणी सुरू झाली. पहिलं बोलावणं बाईंनाच. साहेबांनी आवाज चढवला नाही. टाइप केलेला कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, सही झाली तर कुणाचं काही वाकडं होणार नाही. नाही झाली तर पूर्ण लाइन बंद करून काम बाहेर देऊ. बाईंनी सही केली. कागदावरची सही गेली, कापडावरची रांग तर आहे ना, अशी स्वतःची समजूत घातली. बाकीच्यांनीही तेच केलं. चार दिवसांत एकतीस बोलावणी, एकतीस सह्या.

पट्टी चादरींच्या घडीत जागच्या जागी होती. नावं मात्र साहेबांच्या टेबलावर होती. आणि पट्टीवर रांग असूनही साहेबांनी जिला बोलावलं नाही, अशी एकच बाई होती.

ती कॉलरवाली.

३

आता याहून जास्त पुरावा कुणाला हवा होता? पट्टी तिनं फिरवली, सगळी नावं तिला तोंडपाठ, आणि नेमकी तीच सुटली. खिसेवालीला का बोलावलं, हा प्रश्न काजवालीनं एका वाक्यात निकालात काढला. तिच्या मते कॉलरवालीनं आपली जागा भरायला एक गरीब गाय पुढे केली.

तिला वाळीत टाका असं कुणी म्हटलं नाही. तशी वेळच आली नाही. ती जेवायला बसली की बाकावरच्या उठायच्या. तिनं कात्री मागितली की कुणाला ऐकू यायचं नाही. कुणी शिवी दिली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. बाईही त्यातल्याच. पूर्वी रोज म्हणायच्या, आज काय खाऊन आलीस गं, कॉलर कशी टेचात बसलीय. आता शर्ट तपासायच्या आणि मूग गिळून पुढे सरकवायच्या. मनातून त्यांना ते पटत नव्हतं. पण मनातलं मनात ठेवून त्या कामाचे वीस दिवस गप्प राहिल्या, हे खरं.

विसाव्या दिवशी, शनिवारी, काजवाली चार जणींना घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पट्टी आणायची आणि सगळ्यांसमोर कॉलरवालीची रांग उसवायची, असं ठरलं होतं. शिवाय कॉलरवालीची खोली काजवालीच्या चुलतसासूची होती. ती खोलीही महिनाअखेर रिकामी करून घेणार होत्या. रांग कुठली ते बाईंनीच दाखवायचं. दुसऱ्या कुणाला ते ओळखू येणार नव्हतं.

सुटी झाल्यावर बाईंनी कॉलरवालीला फाटकाबाहेर गाठलं. ती वाळली होती. हनुवटीपाशी पुरळ उठलं होतं. बाईंनी विचारलं, "खरं सांग, तू सांगितलंस का?"

तिनं बाईंकडे पाहिलं. "नाही, बाई. पण हे तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतं तर बरं झालं असतं."

एवढं बोलून ती निघून गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत बाई तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या. ती खरं बोलत असेल तर सोमवारी त्या स्वतःच्या हातानं एका निरपराध पोरीला उघड्यावर आणणार होत्या.

४

रविवारी दुपारी मिस्त्री शेजारणीचं शिलाई मशीन दुरुस्त करायला गेले तेव्हा बाईंनी पट्टी खिडकीखाली पसरली. चष्मा पुसला. टाके काढायची उसवणी हाताशी ठेवली.

एकेक रांग त्या बोटानं पुढे सारत गेल्या. ही बाहीवाली, टाका घट्ट ओढणारी. ही काजवाली, घाईची, दोन ठिकाणी दोरा वर आलेला. ही त्यांची स्वतःची, नमुन्याच्या मशीनवर शिवलेली. शेवटची रांग तळाशी होती. सुरुवातीला दोन उलटे टाके पुरतात, इथे तीन होते. रांगेचं शेपूट किंचित डावीकडे झुकलेलं होतं. दिवसभर कॉलरची गोलाई शिवणारा हात सरळ रेषेतही शेवटी वळतोच. हा हात कॉलरवालीचाच, शपथेवर सांगावं इतका तिचा.

बाईंनी उसवणीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं आणि तिथेच थांबल्या.

अकरावा टाका सैल होता. त्यांनी पुढे मोजलं. बाविसावा सैल. तेहतिसावाही. हे दुखणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. यापायी त्यांनी शेकडो खिसे परत पाठवले होते आणि खिसेवाली दर वेळी रडकुंडीला येऊन म्हणायची, हात माझा नाही बाई, मशीनच तसं आहे. मिस्त्रींनी तीनदा उघडून पाहिलं तरी ते मशीन अकराव्या टाक्याला सैल पडायचंच.

म्हणजे हात कॉलरवालीचा आणि मशीन खिसेवालीचं.

बाईंनी उसवणी बाजूला ठेवली. कॉलरवालीनं तोंडानं नावं सांगितली असती तर खिसेवालीचं नाव आलंच नसतं. कुणीतरी ही पट्टी डोळ्यांनी वाचली होती. आणि वाचणाऱ्यानं हात ओळखला नव्हता, मशीन ओळखलं होतं.

५

शिलाई वाचू शकतील अशी माणसं कारखान्यात तीन. एक बाई. दुसरे लाइनमास्तर, कुणी कुठे बसायचं ते ठरवणारे. तिसऱ्या माणसाचा विचार मनात येऊ न देता बाईंनी पायात चपला अडकवल्या आणि लाइनमास्तरांचं घर गाठलं.

ते दारात स्टूल टाकून बुटांना पॉलिश करत होते. साहेबांच्या खोलीत जाणं-येणं असलेला माणूस. बाईंना मनापासून वाटत होतं, यांनीच केलं असू दे. त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, की महिन्यापूर्वीच्या त्या गुरुवारी खिसेवालीच्या मशीनवर कोण बसलं होतं?

लाइनमास्तरांनी ब्रश खाली ठेवला नाही की आठवायला वेळ घेतला नाही. "कॉलरवाली. खिसेवालीच्या पोराला ताप होता, ती आली नव्हती. कॉलरवालीचं मशीन सकाळीच बंद पडलं, मग मीच तिला तिथं बसवलं. दुसरं काय करणार? बाहेरचा कारागीर येईपर्यंत संध्याकाळ झाली. दुरुस्त करायला तुमचे मिस्त्री कुठं होते? ते दाढ काढायला गेले होते ना."

बाई तशाच परत वळल्या. लाइनमास्तरांनी पाणी हवं का विचारलं, त्या नको म्हणाल्या.

परत येताना पाय चालत होते आणि डोकं हिशेब मांडत होतं. लाइनमास्तरांनी नावं दिली असती तर ही चूक झालीच नसती. बसायची जागा त्यांनीच बदलली होती. बाई हात ओळखणाऱ्या, त्यांनाही ती चूक करता आली नसती. शुक्रवारी सगळ्या आपापल्या मशीनवर परत बसल्या. गुरुवारची अदलाबदल ठाऊक नसलेला, आणि टाका पाहिला की हाताआधी मशीन ओळखणारा, असा एकच माणूस. गुरुवारी संध्याकाळी त्याच्या गालावर बाईंनीच बर्फाची पुरचुंडी धरली होती. आणि शुक्रवारी पट्टीही त्यांनीच त्याच्या हातात ठेवली होती.

घराचं दार उघडं होतं. मिस्त्री परतले होते.

६

त्यांना ओरडावंसं वाटत होतं. पण अजून एक धागा शिल्लक होता. तो तुटावा, आपण खोटं ठरावं, अशी आशाही होती. मिस्त्री बेसिनशी हाताचं तेल धूत होते. बाईंनी पट्टी त्यांच्यासमोर धरली, शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, ही रांग कुणाची असेल?"

"खिसेवालीची," ते म्हणाले. "अजून अकराव्याला सैल पडतंय बघ ते."

मग नळ नुसताच वाहत राहिला. बाईंनी तो बंद केला.

"ती कॉलरवालीची आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही दाढ काढायला गेलात त्या दिवशी ती त्या मशीनवर बसली होती."

मिस्त्री खुर्चीत बसले ते ओले हात तसेच मांडीवर ठेवून. नाकारलं नाही त्यांनी. पट्टी पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या शनिवारी, साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. काहीतरी शिजतंय एवढं साहेबांना कळलं होतं. नावं दे, फक्त सह्या घेऊ, कुणाची नोकरी जाणार नाही. नाहीतर सगळी मशीनं विकून कारखाना दुसरीकडे नेतो, असं ते म्हणाले. आणि मिस्त्रींना मागची टाळेबंदी आठवली. आठ महिने ते दारोदार पंखे आणि कुकर दुरुस्त करत फिरले होते. बाई शाळेचे जिने पुसत होत्या, पोटात पाच महिन्यांचं होतं, आणि त्याच जिन्यावरून त्या घसरल्या. त्यानंतर पाळणा हलला नाही.

"मला तुला पुन्हा तिथं बघायचं नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, कागदावर एक सही, त्यात कुणाचं काय जातंय?"

"आणि माझं नाव? तेही तुम्हीच दिलंत?"

"सगळ्यांत वर लिहिलं. जिला बोलावणं येणार नाही तिच्यावर सगळ्या तुटून पडणार, हे मला माहीत होतं. तुला त्यातून वाचवायचं होतं."

त्या माणसाचं प्रेम खरं होतं. तेच बाईंना सोसवेना. एवढं ज्याला कळत होतं, त्याच्या डोळ्यांसमोर एक पोर वीस दिवस नेमकं तेच सोसत होती आणि तो रोज तिच्या मशीनला तेल घालत होता. खिसेवालीचं कळल्यावर तरी बोलायचं, असं बाई म्हणाल्या. ते म्हणाले, की काहीतरी चुकलंय हे कळलं होतं, पण कुठे ते कळलं नाही, आणि मग धीर झाला नाही.

"उद्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगणार आहे," बाई म्हणाल्या.

"सांग," ते म्हणाले. "मी असेन तिथं."

७

सोमवारी जेवणाच्या खोलीत बाईंनी पट्टी टेबलावर पसरली. कॉलरवाली जागेवर नव्हती; सकाळीच अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली, असं कुणीतरी म्हणालं. काजवालीला वाटलं, तोंड लपवून पळाली.

बाईंनी तीन उलटे टाके दाखवले, डावीकडे झुकलेलं शेपूट दाखवलं, मग अकरावा टाका दाखवून खिसेवालीला विचारलं, हे मशीन कुणाचं? माझं, ती म्हणाली. गुरुवारी कोण बसलं होतं ते लाइनमास्तरांकडून वदवून घेतलं. आणि त्या दिवशी कोण नव्हतं, हे त्या स्वतः बोलल्या. शेवटचं नाव त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं. पट्टी त्याला दाखवली मी, हेही सांगितलं.

मिस्त्री दारात उभे होते. त्यांच्या जवळच्या दोघी उठून लांब जाऊन बसल्या. काजवाली ताटाकडे पाहत होती. तिच्या हातातला घास तसाच राहिला होता. तेवढ्यात खिसेवाली उठली, मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की संध्याकाळी माझ्या घरी या आणि माझ्या नवऱ्याला एवढं सांगा. मिस्त्री येतो म्हणाले.

मग सगळ्यांना एकदम कॉलरवाली आठवली. संध्याकाळी तिच्याकडे जायचं, माफी मागायची, उद्या तिला मधे बसवून जेवायचं. काजवाली तर खोलीचं मी बघते, असं डोळे पुसत म्हणाली. बाईंना तेवढा दम निघेना. त्या सुट्टी मागून आधीच निघाल्या.

८

दुसऱ्या मजल्यावरची खोली. कॉलरवालीनं दार उघडलं आणि बाईंना आत घेतलं. कॉटवर एक बॅग अर्धी भरलेली होती. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. आपला नवरा, आपलं कपाट, आपली वीस दिवसांची जीभ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिचा चेहरा उजळेल असं बाईंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"उशीर केलात बाई," ती म्हणाली. "सकाळी मी सही करून आले."

"कसली सही?"

"युनियन सोडल्याची. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. साहेबांना तर माझं नाव माहीतच नव्हतं."

एकतीस जणींपैकी जिनं सही केली नव्हती अशी ही एकटीच उरली होती. तिच्यावर ना कुणी दबाव टाकला होता, ना धमकी दिली होती. बाईंनी विचारलं, मग का केलीस?

ती बॅगेतला टॉवेल उगाच घडी मोडून पुन्हा घालत राहिली. "मी आत गेले तर ते म्हणाले, या, बसा. खुर्ची पुढे केली. चहा घेणार का विचारलं. एकवीस दिवसांत माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं, बाई. मला इतकं रडू आलं की काय लिहिलंय ते दिसलंसुद्धा नाही."

बाई तिथेच कॉटवर बसल्या आणि रडल्या. कॉलरवालीनं त्यांना रडू दिलं. थोड्या वेळानं बाईंनी सांगितलं, की संध्याकाळी सगळ्या येणार आहेत, सही मागे घेता येते, आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.

"त्यांना येऊ देऊ नका," ती म्हणाली. "आल्या तर मी विरघळेन, मागे घेईन. आणि मला मागे घ्यायची नाही. त्या वाईट आहेत असं नाही. पण पुन्हा कधी त्यांना संशय आला, तर मला तेवढं सोसायचं बळ नाही राहिलं."

उद्याची गाडी होती तिची, मामाच्या गावची. बाईंनी तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं, एवढंच. बाई जिना उतरून खाली आल्या, पायरीवर थांबल्या आणि संध्याकाळी आलेल्या सगळ्यांना तिथूनच परत पाठवून मग घरी गेल्या.

मिस्त्री खिसेवालीच्या घरून आले तेव्हा अंधारलं होतं. आल्या आल्या ते दाराशीच थांबले. बाईंनी त्यांच्याशी बोलायचं टाकलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती, आणि तेच सोपंही होतं. मिस्त्रींनीच विचारलं, कॉलरवाली काय म्हणाली?

बाईंनी समोरची खुर्ची ओढली, त्यांना बसा म्हणाल्या आणि ती जे जे म्हणाली ते, एकही शब्द न गाळता, सांगायला सुरुवात केली.